वहिनी, कानसेन आणि शेवटचा हात

गॅरेजात वहिनी पहिल्यांदा आल्या त्या नवऱ्याचा डबा घेऊन, आणि राहिल्या त्या हातात पाना घेऊन. मधे काय झालं असं कोणी विचारलं तर त्या सांगतात, "हे जेवेपर्यंत नुसतं बसून काय करायचं, म्हणून एक नट आवळला." हे साफ खोटं आहे. नुसतं बसणं त्यांना आयुष्यात कधी जमलेलं नाही, आणि एका नटावर थांबणं तर नाहीच नाही.

त्यांचे वडील शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीत चार-दोन मशिनं कायम पोट उघडं टाकून पडलेली असायची. वहिनींना बाहुलीपेक्षा बॉबिनची ओळख आधी झाली. शिलाई मशिनचं सगळं मर्म एका क्षणात असतं. सुई कापडाखाली जाते, वर यायला वळते, आणि नेमक्या त्या वेळी खालच्या हुकाने येऊन धाग्याचा फास उचलायचा. हुक लवकर आला तर फास तयार झालेला नसतो, उशिरा आला तर सुई निघून गेलेली असते. दोन्ही वेळा टाका सुटतो आणि शिवणारी बाई दोऱ्याच्या नावाने बोटं मोडते. वडील म्हणायचे, "दोऱ्याचा काही दोष नसतो गं, भेट चुकते." त्यामुळे लग्नानंतर इंजिनाचं टायमिंग म्हणजे काय हे नवऱ्याने मोठ्या ऐटीत समजावायला घेतलं, तेव्हा वहिनी अर्ध्या वाक्यातच म्हणाल्या, "कळलं. पुढे सांगा."

ज्यांच्या वडिलांची शिलाई मशिनं नव्हती त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंजिनात पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवा दाबतो, आणि ठिणगी पडते. पण पेट घ्यायलाही वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी पडावी लागते. किती आधी, यातच सगळी मेख आहे. फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावरच भडका बसतो आणि इंजिन आतून खळखळ वाजतं, डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. उशिरा पडली तर ताकद वाया जाते आणि गाडी रडतखडत चालते.

हे 'जरा आधी' म्हणजे किती, ते वहिनींचे यजमान कानाने ठरवायचे. गाणं जाणून ऐकणाऱ्याला आपण कानसेन म्हणतो, ती पदवी यांनी इंजिनं ऐकून मिळवली. ठिणग्या वाटणारी जी डबी असते, डिस्ट्रिब्युटर, तिचा बोल्ट सैल करायचा, डोळे मिटायचे, आणि डबी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत ऐकत राहायचं. इंजिन खुलून बोलायला लागलं की बोल्ट आवळायचा. बघायला लोक थांबायचे. दाराजवळच्या बाकड्यावर बसणारी जुनी गिऱ्हाइकं त्या वेळी आपसातलं बोलणं बंद करायची, आणि त्या बाकड्याला गप्प करणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

कानसेनांची आणखी एक रीत होती. गाडी कोणीही दुरुस्त केलेली असो, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी तिच्यावर शेवटचा हात त्यांचाच फिरायचा. बोल्ट सैल, डोळे बंद, केसभर इकडे, बोल्ट घट्ट. शेवटचा हात फिरल्याशिवाय या शेडमधून एकही गाडी गेलेली नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे.

पुढे गाड्यांमधे कॉम्प्युटर आला. कानसेनांनी त्याला जावयासारखं वागवलं, म्हणजे मान द्यायचा, चहापाणी विचारायचं आणि त्याच्या वाटेला जायचं नाही. वहिनींनी मात्र त्याचं पाणी जोखलं. कंपनीचे वर्ग निघाले तेव्हा त्या जाऊन बसल्या, पहिल्या रांगेत, आणि शिकवणाऱ्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो त्यांच्याकडे न बघता शिकवू लागला. परत आल्या त्या टायमिंग लाइट घेऊनच. ठिणगी पडली की हा दिवा लखकन चमकतो आणि फिरत्या पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. खूण कोणत्या आकड्यासमोर आली ते बघायचं, तो आकडा म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते, बास.

"पण कॉम्प्युटर आहे ना आता?" बाकड्यावरचे रिटायर्ड बस ड्रायव्हर म्हणाले. "मग त्यालाच लावू दे की टायमिंग."

"त्याला काय दिसतंय का?" वहिनी म्हणाल्या. "डिस्ट्रिब्युटर कुठे बसलाय ते त्याला माहीतच नसतं. त्याला एवढंच सांगून ठेवलंय की तो दहा अंशांवर बसलाय. त्या दहावर तो आपली बेरीज-वजाबाकी करतो. चढ आला की कमी कर, सपाटीला वाढव. तुम्ही डबी पंधरावर बसवलीत तरी तो बिचारा दहाच धरणार, आणि वर आपले मिळवणार. मग वाजणार नाही तर काय होणार?"

"मग ते दहा बघायचे कसे?"

"आधी त्याला गप्प करायचं." वहिनींनी बॉनेटखालच्या एका सॉकेटच्या दोन भोकांत वायरचा तुकडा अडकवून दाखवला. "ही वायर घातली की तो हात बांधून बसतो. नाही घातली, तर तुम्ही इकडे फिरवता आणि तो तिकडे सावरतो, एका गाडीला दोन मालक. वायर घालायची, लाइट मारायचा, दहावर आणायचं, बोल्ट आवळायचा, वायर काढायची. मग म्हणायचं, आता बोला तुम्ही."

"समोरच्याला गप्प करून मग आपलं म्हणणं मांडायचं," कानसेन बाकड्याकडे वळून म्हणाले, "ही पद्धत आमच्या घरात आधीपासून आहे." बाकडं हसलं. वहिनीही हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून तर घर चाललंय."

अशा रीतीने जुन्या गाड्या कानसेनांकडे आणि कॉम्प्युटरवाल्या वहिनींकडे अशी वाटणी झाली, आणि शेवटचा हातही आता फक्त जुन्याच गाड्यांवर फिरत असणार, असं वहिनींनी धरून टाकलं. बऱ्याच दिवसांनी, आक्कांच्या व्हॅनमुळे, ती वाटणी मोडायची वेळ आली.

आक्का म्हणजे कानसेनांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर त्यांना हिनेच वाढवलेलं, त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या या माणसाला ती अजून चारचौघांत 'बाळ्या' म्हणते आणि तो ओ देतो. आक्का स्वतःची व्हॅन चालवतात. ज्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा हॉस्पिटलात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, अशा माणसांना घाटावरच्या हॉस्पिटलात नेणं-आणणं हे त्यांचं काम. तिथे मशीन ठरलेल्या वेळीच मिळतं. उशीर झाला तर मागचा माणूस बसतो, आणि आपल्या माणसाला तसंच अंगात विष घेऊन परत यावं लागतं. म्हणून आक्कांना गाडीत काही म्हणता काही चालत नसे.

"घाटात वाजते," आक्का म्हणाल्या. "खळखळ करते, मग ढेपाळते, मग परत खळखळ. काल मागच्या काकांनी विचारलं, उतरून ढकलू का. त्यांना धड उभं राहता येत नाही गं."

वहिनींनी लाइट लावला. टायमिंग पुढे होतं, बरंच पुढे. त्यांना सगळा प्रकार लगेच कळला. ठिणगी लवकर पडते म्हणून इंजिन वाजतं. इंजिनाच्या अंगावर एक सेन्सर बसवलेला असतो, तो कॉम्प्युटरचा कान. तो ऐकतो आणि कॉम्प्युटर घाबरून ठिणगी मागे ओढतो, म्हणून गाडी ढेपाळते. मग शांत झालं असं बघून तो हळूहळू परत पुढे सरकतो, की पुन्हा खळखळ. वहिनींनी वायर घातली, दहावर आणलं, बोल्ट आवळला, वायर काढली. "आता नाही वाजणार," म्हणाल्या.

आठवडा गेला आणि व्हॅन परत आली. तेच रडगाणं. वहिनींनी लाइट लावला तर टायमिंग पुन्हा पुढे. बोल्ट सरकत असेल म्हणून त्यांनी बोल्ट नवा घातला, खालची पकड घासून साफ केली, सगळं आवळून वर स्वतःचा भार टाकून बघितलं. व्हॅन गेली, आणि परत आली.

आता बाकड्याला कंठ फुटला. कॉम्प्युटरचं काही खरं नसतं, असं एकाने म्हटलं. लाइटच खराब असेल, असं दुसऱ्याने. तिसऱ्याने काहीच म्हटलं नाही, पण बॉनेटमधे वाकलेल्या वहिनींकडे बघून त्याने जी मान हलवली, ती वहिनींना पाठीला डोळे असल्यासारखी दिसली. मग त्यांच्या हातच्या दुसऱ्या दोन गाड्यांच्या मालकांनीही, आपली गाडी चढाला वाजते का काय, अशी कुरकुर केली.

"अगं, मला बघू दे," कानसेन म्हणाले. प्रेमाने म्हणाले, हे वाईट. भांडून म्हणाले असते तर वहिनींनी दोन हात केले असते. "तुझं काही चुकतंय असं नाही. पण काही गोष्टी दिव्याने दिसत नाहीत, कानानेच कळतात."

"मला एकदा लावू दे," वहिनी म्हणाल्या. "ह्या वेळी परत आली तर सगळ्या गाड्या तुमच्या. मी परत पाना धरणार नाही. काउंटरवर बसेन आणि फोन घेईन."

"आक्कासमोर म्हणतेस."

"आक्कांसमोर, बाकड्यासमोर. कोणासमोर म्हणू सांगा."

फोन घेणाऱ्या वहिनी ही कल्पनाच कोणाला करवेना. पण शब्द गेला होता, आणि त्या शब्दाला जागणाऱ्या होत्या. त्यांची या जगातली जागा म्हणजे ती बॉनेटखालची, ग्रीसने बरबटलेली, गुडघे दुखवणारी जागा. ती जाईल म्हणून त्या घाबरल्या होत्या का? मुळीच नाही. आपलं बरोबर आहे याची त्यांना खात्री होती. ही गाडी चुकते कुठे, एवढंच त्यांना उमगत नव्हतं, आणि न उमगणारं मशीन त्यांना दाताखालच्या खड्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी त्यांनी टायमिंग लावलं, बोल्ट आवळला, आणि पर्समधून नेलपॉलिशची लाल बाटली काढली. कोणीतरी भेट दिलेली. ग्रीसमधे बुडलेल्या नखांना तिचा काही उपयोग नव्हता, म्हणून ती भरलेलीच होती. डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून खालच्या इंजिनापर्यंत त्यांनी एक बारीक सरळ रेघ ओढली. डबी केसभर जरी हलली असती तरी रेघ तुटून दोन तुकड्यांची झाली असती. मग त्या मोरीपाशी जाऊन हात घासायला लागल्या. मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने बॉनेट आपटल्याचा, आणि कानसेनांचा, "आक्का, घे गं किल्ली."

वहिनी ओल्या हातांनीच आल्या. "एक मिनिट," म्हणाल्या, आणि बॉनेट उचललं. रेघ तुटली होती. वरचा तुकडा चांगला बोटाच्या पेराच्या निम्म्याने सरकला होता, आणि बोल्ट घट्टच्या घट्ट होता. बोल्ट सरकला नव्हता. कोणीतरी तो सैल करून परत आवळला होता. शेवटचा हात.

वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस त्या बोल्ट बदलत होत्या, पकड घासत होत्या, बाकड्याच्या माना सोसत होत्या, आणि हा गृहस्थ त्यांनी लावलेली प्रत्येक गाडी दारातून बाहेर पडताना बिघडवून पाठवत होता. वर म्हणत होता, तुझं काही चुकतंय असं नाही. पण इथे सांगितलं तर बाकड्यावर दोन तट पडणार, कानसेन म्हणणार मी लावलं तेच बरोबर, आणि गोष्ट हवेत विरून जाणार. त्यापेक्षा घाटात, गाडी त्यांच्याच कानाशी वाजत असताना, आक्कांच्या देखत बॉनेट उघडून ती रेघ दाखवायची. कान एवढा थोर आहे ना, मग ऐका म्हणावं.

"आक्का, आम्ही दोघं येतो घाटापर्यंत," त्या म्हणाल्या. सकाळी नेलेली माणसं हॉस्पिटलात होती, त्यांना आणायला व्हॅन रिकामीच जायची होती. वहिनींनी लाइटची पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. कानसेन पुढे, आक्कांच्या शेजारी.

सपाटीवर गाडी झकास पळाली. घाट लागला, आक्कांनी गिअर बदलून पाय दाबला, आणि पुढून आवाज आला. खळखळ, खळखळ.

"हे बघ, झालं सुरू," आक्का म्हणाल्या.

"काय सुरू झालं?" कानसेन म्हणाले. "मस्त ओढतेय की."

वहिनी मागून त्यांच्या मानेकडे बघत राहिल्या. माणसाने निगरगट्टपणा करावा, पण किती करावा? गाडी ढेपाळली. थोडी सावरली. परत खळखळली, आधीपेक्षा जोरात. कानसेन खिडकीबाहेर बघून म्हणाले, "आता जरा दम लागलाय तिला. पण आवाज स्वच्छ आहे."

"आक्का, त्या वळणावर थांबवा," वहिनी म्हणाल्या.

वळणावर रस्त्याच्या कडेला कठडा होता, पाण्याचा नळ होता आणि उंच झाडं होती. आक्कांनी इंजिन बंद केलं आणि रिकाम्या बाटल्या घेऊन त्या नळाकडे गेल्या. झाडांवर किडे नुसते किंचाळत होते. एकाने सूर लावायचा की सगळ्या झाडांनी ओढायचा, अशी कानात सुई घुसवणारी किरकिर. वहिनींना त्यावर आवाज चढवूनच बोलावं लागलं.

"अहो, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोल की," कानसेन कठड्याला टेकत म्हणाले. "ओरडतेस कशाला? किती शांत आहे इथे."

वहिनींना आधी वाटलं, टोमणा मारतायत. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर टोमणा नव्हता. भर दुपारी सावलीत निवांत उभा राहिलेला एक सुखी माणूस होता.

"ह्या किड्यांनी डोकं उठवलंय," वहिनी सावकाश म्हणाल्या.

"कुठले किडे?"

एवढं दोन शब्दांचं बोलणं. मग वहिनींना एकेक आठवत गेलं. घरातलं घड्याळ सकाळी पिकपिक करत राहतं आणि हे शेजारी झोपलेले असतात, त्याला आपण आळस म्हणतो. फोन खिशात वाजतो आणि हे घेत नाहीत, त्याला आपण बेफिकिरी म्हणतो. माणसांचं बोलणं यांना नीट ऐकू येतं, इंजिनाची घरघर येते. जातो तो फक्त वरचा, बारीक, टोकदार आवाज. आणि इंजिनाचा खुलेपणा तर त्या बारीक आवाजातच असतो. तो ऐकू आला नाही की चांगलं इंजिनही बसक्या आवाजाचं वाटणार, मग हा माणूस ते खुलावं म्हणून डबी पुढे फिरवणार. जुनी गाडी असती तर डबी फिरवल्याबरोबर इंजिनाचा वेग वाढला असता, हाताला उत्तर मिळालं असतं. इथे कॉम्प्युटर वेग जागच्या जागी धरून ठेवतो. हाताला उत्तर मिळत नाही, म्हणून हात आणखी पुढे जातो. तिडीक कुठल्या कुठे गेली.

एखादीने नवऱ्याची अब्रू झाकून गप्प राहून काउंटरवर फोन घेतले असते, आणि लोकांनी तिचं कौतुक केलं असतं. वहिनी तशातल्या नव्हत्या. वर हॉस्पिटलात माणसं वाट बघत होती, आणि खोटं बोलून लावलेलं काही घाटात टिकत नाही. त्यांनी बॉनेट उचललं.

"इकडे या. ही लाल रेघ बघा. मी ओढली तेव्हा सरळ होती."

कानसेन वाकले. त्यांनी रेघ बघितली, बोटाने चाचपली. नाकारलं नाही.

"शेवटचा हात होता," ते म्हणाले. "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे गं. मंद वाटली मला. हल्ली सगळ्याच गाड्या मंद वाटतात."

"गाड्या नाहीत मंद."

"मग?"

"तुमचा कान गेलाय. सगळा नाही. बारीक आवाज ऐकू येत नाहीत तुम्हाला. येताना गाडी वाजत होती, मला मागे ऐकू येत होतं, आक्कांना येत होतं. तुम्ही म्हणालात, आवाज स्वच्छ आहे."

कानसेन ताठ झाले. "काहीतरीच. माझ्या कानाबद्दल तू मला सांगणार?"

"मीच सांगणार. दुसरं कोण सांगेल? बाकडं?"

त्यांनी बायकोकडे बघितलं, मग झाडांकडे. या बाईने आजवर त्यांना टोमणे मारले होते, चुका दाखवल्या होत्या, पण लागावं म्हणून खोटं कधी बोलली नव्हती.

"आत्ता वाजतंय का काही?" त्यांनी विचारलं.

"किडे ओरडतायत."

"खूप?"

"कान फाटतील इतके."

कानसेन झाडांकडे तोंड करून उभे राहिले. सवयीने त्यांनी डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली, गॅरेजात बॉनेटपाशी करायचे तशी. खूप वेळ तसेच राहिले. वहिनींना ते बघवेना, पण त्यांनी नजर काढली नाही. हे बघायला या क्षणी आपल्याशिवाय कोणी नाही, आणि कोणीतरी असायला हवं, असं त्यांना वाटलं.

"नाही," कानसेन डोळे उघडून म्हणाले. "काहीच नाही."

वहिनींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. ग्रीसचा ठसा उमटला तरी तसाच ठेवला. मग पिशवीतून लाइट काढून त्यांच्या हातात दिला.

"धरा. डोळे तुमचे माझ्यापेक्षा बरे आहेत, मला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत आणि चष्मा काउंटरवर राहिलाय."

"मी?"

"मग काय किडे धरणार?"

वहिनींनी इंजिन सुरू केलं, वायर अडकवली, बोल्ट सैल केला. कानसेनांनी अंगावरचा शर्ट काढून बॉनेटवर आडवा धरला, उन्हात खूण दिसेना म्हणून, आणि त्या सावलीत लाइट मारला. पुलीवरची पांढरी खूण लखलखत जागच्या जागी उभी राहिली. बनियनवरच्या त्या माणसाच्या तोंडून शब्द यायला लागले, आधी नाइलाजाने, मग मिस्त्रीच्या रुबाबात. "मागे. अजून मागे. हळू, किती घाई गं तुला. थोडं... थोडं पुढे. बास. आवळ." वहिनींनी बोल्ट आवळला. "बघू," म्हणून कानसेनांनी परत लाइट मारला, आवळताना खूण हलली नव्हती. "दहा," ते म्हणाले. वहिनींनी वायर काढली.

आक्का भरलेल्या बाटल्या घेऊन आल्या. भावाला रस्त्यात बनियनवर उभा बघून त्या थबकल्या. मग म्हणाल्या, "काय निघालं? चूक कोणाची, ते आधी सांगा. पैज माझ्यासमोर लागलीय."

वहिनी बोल्टाकडे बघत राहिल्या. जे सांगायचं ते ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं होतं.

"माझी," कानसेन म्हणाले. "हिने बरोबर लावलं होतं, प्रत्येक वेळी. तू किल्ली घ्यायच्या आधी मी हात लावत होतो."

"मग एवढी वाजत होती ती?"

"ते मला ऐकू येत नाही आक्का. आत्ता कळलं."

आक्कांनी हातातली गार बाटली भावाच्या हातात दिली, तो पाणी पिईपर्यंत त्याचा शर्ट झटकून धरला, आणि लहानपणी धरत असतील तशा बाह्या समोर केल्या. कानसेनांनी मुकाट्याने हात घातले.

गाडीत बसताना कानसेनांनी पुढचं दार उघडलं, आणि बाजूला होऊन वहिनींना म्हणाले, "तू बस पुढे." स्वतः मागे जाऊन दोन सीटांच्या मधे पुढे सरकून बसले, वहिनींचा चेहरा दिसेल असे.

घाटातला सगळ्यात अवघड चढ त्या वळणाच्या पुढेच होता. गेल्या कित्येक फेऱ्या याच चढावर व्हॅनने आक्कांचा जीव खाल्ला होता. त्यांनी गिअर टाकला, पाय दाबला, गाडी चढायला लागली. अर्ध्यावर आल्यावर, जिथे खळखळ हटकून सुरू व्हायची तिथे, आक्कांनी सवयीने पाय उचलला.

"वाजतंय?" कानसेनांनी मागून विचारलं.

वहिनींनी कान दिला. नीट, पूर्ण दिला. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग आक्का, पाय का उचललास?"

"भीती वाटते रे. हा चढ..."

"ही नाही म्हणतेय ना," कानसेन म्हणाले. "मग दाब."